हिशोब चावडीवर वाचा!



गावात पाण्याची टाकी उभी राहते. रंग लागतो, योजनेचे नाव येते, नारळ फुटतो, फोटो निघतो. चार महिने जातात, पण टाकीत पाणी काही चढत नाही. बाया पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर. पारावर बसलेला म्हातारा विचारतो, "पैसा कथा गया, भाऊ?" सरपंच म्हणतात, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो, माझे बिल अडकले. शाखा अभियंता म्हणतात, विजेची जोडणी बाकी आहे. वीज कंपनीचा माणूस म्हणतो, कोटेशनची रक्कम भरलेली नाही. सगळेच थोडे थोडे खरे बोलतात आणि टाकी मात्र कोरडीच राहते.

हे गाव कोणते, असे विचारू नका. तापीकाठी पाहा, गिरणा-बोरीच्या खोऱ्यात पाहा, पांझरा-बुराईकडे पाहा, असे एखादे काम तुमच्या डोळ्यांसमोर आपोआप उभे राहील. कुठे टाकी असेल, कुठे सिमेंट बंधारा, कुठे अंगणवाडीची खोली, तर कुठे पहिल्याच पावसात उखडलेला पाणंद रस्ता.

पैसा कोणी खाल्ला, हा आजचा विषय नाही. तो प्रश्न पोलिसांचा आणि कोर्टाचा. आमचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. काम चालू असताना गावाला काय ठाऊक होते? मंजुरी किती रुपयांची, पाइप किती इंची, काम कोणत्या तारखेला पूर्ण व्हायचे, हे गावातल्या किती जणांना सांगता आले असते? दहा जणांनाही सांगता येत नसेल, तर ते काम आपल्या गावात झाले खरे, पण आपल्यासमोर झाले नाही.

उशिराचा न्याय महाग पडतो

जळगावकरांना हे वेगळे सांगायला नको. शहरातल्या झोपडपट्टीवासीयांसाठी आखलेल्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराचा गुन्हा २००६ साली दाखल झाला. धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल आला तो २०१९ साली. मध्ये १३ वर्षे गेली. निकालानंतर दोषी ठरलेली मंडळी वरच्या न्यायालयात अपिलात गेली. न्यायालय आपले काम करील, त्यावर आम्ही बोलणार नाही. पण ज्याच्यासाठी घर बांधायचे होते, त्याचे पोर या काळात लग्नाचे झाले, त्याचे काय? गुन्हा झाल्यावर चौकशी लागतेच. परंतु काम चालू असतानाच दर महिन्याला हिशोब उघड्यावर मांडला गेला, तर पुढच्या चौकशीची वेळच पुष्कळ वेळा येत नाही. पिकावर कीड दिसताच फवारणी करणारा शेतकरी शहाणा. पीक गेल्यावर पंचनामा करून हाती काय लागते, हे कपाशीवाल्यांना आणि केळीवाल्यांना कोणी शिकवायची गरज नाही.

झाले का, आणि उपयोग झाला का?

सरकारी कामावर नजर ठेवायची म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी पाहायच्या असतात. पहिली, ठरले तसे काम झाले का? दुसरी, झालेल्या कामाचा उपयोग झाला का? आपल्याकडे पहिलीचा थोडाफार विचार होतो, दुसरीचा फारसा होत नाही. बंधारा बांधून झाला, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल निघाले की सरकारदरबारी विषय संपला. त्या बंधाऱ्यात डिसेंबरात पाणी असते का, शेजारच्या विहिरींची पातळी वाढली का, दोन पाण्यांचा गहू निघाला का, हे विचारायला पुन्हा कोण येतो?

जलयुक्त शिवार अभियानाचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ते सुरू झाले. गावोगाव नाले खोल झाले, बंधारे झाले. काही गावांना त्याचा खरोखरच फायदा झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण २०२० साली महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात आला आणि त्यात सुमारे ९ हजार ६०० कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यावर आणि भूजलावर फारसा परिणाम दिसला नाही, असे नमूद झाले. अहवालावरून राजकारण रंगले. मुद्दा असा, की हा हिशोब पाच-सहा वर्षांनी मुंबईत मांडला गेला. तोच हिशोब दर उन्हाळ्यात त्या त्या गावच्या ग्रामसभेत मांडला असता, तर कोणते काम फळले आणि कोणते फसले, हे दुसऱ्याच वर्षी कळले असते. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडते. पाऊस किती पडला, पाणी किती साठले, म्हणून यंदा कोणते पीक घ्यायचे, हे तिथे सगळ्यांसमोर ठरते. मूल्यमापन हा मोठा शब्द आहे. त्याचा अर्थ एवढाच.

ही रीत आपल्या मातीतलीच

हे परदेशी खूळ आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला पांझरेच्या काठी घेऊन जा. फडपद्धती काय होती, ते जुन्या माणसांना विचारा. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. बहुतेकांच्या जमिनी निरनिराळ्या फडांत विभागलेल्या, म्हणून लाभही वाटून आणि तोटाही वाटून. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या आणि त्यांचा मोबदला शेतकऱ्यांच्या पदरचा. पाणी कमी पडले तर कोणता फड कोरडा ठेवायचा, हे सगळ्यांनी बसून ठरवायचे. ही पद्धत काही शतके चालली.

तिच्यात पाटकऱ्याच्या कामाचे मूल्यमापन कोण करीत होते? ज्याच्या वाफ्यात पाणी यायचे तोच. पाणी उशिरा आले तर दुसऱ्या दिवशी पाटावरच जाब विचारला जाई. अर्ज नव्हता, शिक्का नव्हता. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी आणि पंप आले आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. पण 'ज्याला पाणी प्यायचे त्याने पाट पाहायचा' ही अक्कल आपल्या वाडवडिलांना होती. आज पाटातून पाण्याऐवजी सरकारी पैसा वाहतो, एवढाच फरक. पाट पाहायची सवय मात्र आपण सोडून दिली.

कायदा तुमच्या बाजूने आहे

सवय सोडली तरी हक्क गेलेला नाही. महाराष्ट्रात २००२ साली आणि सबंध देशात १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार आला. आपल्या राज्यात त्यासाठी अण्णा हजारे उपोषणाला बसले, तर राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोट किराना या गावी जनसुनावणी भरवली. तिथे काय केले? हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली. तुझे नाव यात आहे, तू त्या कामावर होतास का? लोक उभे राहून सांगू लागले. ऐकायला साधी गोष्ट, पण देशाच्या कायद्याला त्यातून मोठे बळ मिळाले.

आपण माहितीचा अधिकार म्हणजे दहा रुपयांचा अर्ज आणि ३० दिवसांची वाट, एवढेच समजतो. वास्तविक त्याच कायद्याचे कलम ४ असे सांगते, की कार्यालयाने आपला खर्च, आपल्या योजना आणि अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायचा. म्हणजे अर्ज हा शेवटचा उपाय आहे. तसेच कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेण्याचाही हक्क त्यात आहे. सिमेंट किती, वाळू किती, हे तपासायला नागरिक नमुना मागू शकतो.

आणखी आहे. रोजगार हमी ही तर महाराष्ट्राची देणगी. १९७२ च्या दुष्काळात तिने माणसे जगवली, १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तिच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले आणि २०११ च्या नियमांनी ते सहा महिन्यांतून एकदा तरी करणे बंधनकारक केले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या रोजगाराचा नवा कायदा मंजूर केला. त्यातही सामाजिक अंकेक्षण ठेवलेले आहे. योजनेचे नाव बदलले, पण गावाचे काम बदललेले नाही.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झाले. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात, हा त्याचा वायदा. तेथे तर 'हर घर जल' गाव म्हणून प्रमाणित व्हायचे तर ग्रामसभेचा ठराव लागतो. नळाला पाणी नसताना तुमच्या गावाने असा ठराव केला असेल, तर सही कोणाची आहे ते घरी जाऊन पाहा. कदाचित तुमचीच असेल.

साक्री, शिरपूर आणि इकडे चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. तेथे निधी योग्य रीतीने खर्ची पडल्याचा दाखला पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचा असतो. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा आदिवासी बांधव कागदोपत्री आपल्या सपाटीवरच्या बागाईतदारापेक्षा अधिक अधिकारवान आहे. तो अधिकार वापरला जातो का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

दाखल्यांसाठी हेलपाटे मारणाऱ्यांनी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा लक्षात ठेवावा. अधिसूचित सेवा किती दिवसांत मिळणार, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मात्र अर्जाची पोच घेतली पाहिजे. पोच नाही तर दिवस कशावरून मोजणार?

फोटोने भागत नाही

आता सगळे ऑनलाइन झाले, मग काळजी कशाला, असे काहींना वाटते. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो, ही चांगलीच गोष्ट आहे. तरुण पोरांनी मोबाइलवर तो उघडून घरच्यांना दाखवावा. पण यंत्रावर विसंबून झोपणे बरे नव्हे. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी मोबाइलवर फोटो काढून घेण्याची सक्ती २०२३ च्या जानेवारीपासून झाली. बोगस मजूर संपतील, असे सांगितले गेले. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढावे लागले. भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो, एकच फोटो अनेक हजेरीपटांना लावला जातो, अशी कबुली त्यात आहे. दिल्लीत बसून फोटोतली माणसे ओळखता येत नाहीत. गावात मात्र येतात. ही आपल्या शिरपतची सून नव्हे, हे पारावरचा कोणीही सांगेल. म्हणून यंत्र असू द्या, पण यादी गावात वाचली गेलीच पाहिजे.

दूरच्या युगांडा देशातली हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. १९९१ ते १९९५ या काळात तिथल्या सरकारने प्राथमिक शाळांना दिलेल्या खर्चाच्या अनुदानापैकी सरासरी अवघे १३ टक्के शाळांपर्यंत पोचत होते. सरकारने मग कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या दारावर लावायला सुरुवात केली. काही वर्षांत पोचणारा हिस्सा ८० टक्क्यांच्या वर गेला. इतर सुधारणांचाही त्यात वाटा होता, असे अभ्यासक सांगतात आणि ते खरेही असेल. तरी आकडा दारावर लागला की मधल्या हातांना थोडी लाज वाटते, हे नक्की.

दोन्ही बाजूंचे ऐकू

अधिकारी मंडळींची तक्रार आम्हाला ठाऊक आहे. ग्रामसेवकांचे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे म्हणणे असे, की एकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे, रोज नवा अहवाल, रोज नवे ॲप. त्यात कोणी माहितीचा अर्ज टाकतो आणि मग तडजोडीची भाषा करतो. हे खोटे नाही. माहितीच्या नावाखाली दमदाटी करून ठेकेदाराकडून पैसे काढणारे लोक आपल्याही भागात आहेत आणि त्यांनी एका चांगल्या कायद्याला बट्टा लावला आहे.

पण भाऊसाहेब, जरा विचार करा. त्यांचा धंदा कशावर चालतो? कागद कपाटात आहे, म्हणून. जो कागद चावडीच्या भिंतीवर लागला आहे, त्याचे कोणी काय मोल मागणार? हिशोब उघडा करणे हेच त्यावरचे औषध. शिवाय चौकशी लागली की वरचे साहेब बदलून गेलेले असतात आणि सही तुमची असते. ग्रामसभेत वाचलेला, लोकांनी ऐकलेला हिशोब ही तुमचीच ढाल आहे. सरळ माणसाला उजेडाने नुकसान होत नाही.

आता शेतकऱ्यांनाही दोन शब्द. ग्रामसभेला गणपूर्ती लागते १०० मतदारांची किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्क्यांची, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग दहा-पंधरा डोक्यांत सगळे मंजूर. ही पळवाट कोणी अधिकाऱ्याने पाडलेली नाही. ती आपल्या रिकाम्या सतरंजीने पाडली आहे. लग्नाच्या पंगतीला हजार माणूस जमते, ग्रामसभेला शंभर जमत नाही, आणि वर्षभर आपणच पारावर म्हणतो, सगळे चोर आहेत! महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. ती किती गावांत खरोखर होते आणि किती गावांत रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतले जातात? नळाला पाणी आले की नाही, हे बायांइतके कोणाला कळते?

मग करायचे काय?

फार मोठी योजना नको. पुढच्या ग्रामसभेपासून पाच गोष्टी करता येतील.

पहिली, प्रत्येक कामाच्या जागी फलक हवा. मंजूर रक्कम, ठेकेदाराचे नाव, कामाची मापे, सुरू आणि पूर्ण व्हायची तारीख, ही माहिती सुवाच्य मराठीत. काम संपल्यावर रंगवलेला फलक कामाचा नाही. तो पहिला खड्डा खणायच्या आधी लागला पाहिजे.

दुसरी, अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीत उघडी ठेवावी. गावात गवंडी आहेत, प्लंबर आहेत, डिप्लोमा करून घरी बसलेली पोरे आहेत. सळई किती जाडीची लिहिली आणि किती जाडीची पडली, हे त्यांना साहेबाइतकेच कळते.

तिसरी, ज्यांच्यासाठी काम आहे त्यांच्यातलेच पाच जण पाहणीला नेमावेत. टाकी असेल तर त्यात निम्म्या बाया हव्यात, बंधारा असेल तर त्याखालचे शेतकरी हवेत, वस्तीचा रस्ता असेल तर वस्तीतले लोक हवेत. सरपंचाचे भाऊबंद नकोत, तसेच पडलेल्या उमेदवाराचेही नकोत.

चौथी, बिल निघण्याआधी आणि काम झाल्यावर एक वर्षाने, असे दोनदा त्या कामावर ग्रामसभेत बोलले जावे. पहिल्या वेळी 'ठरले तसे झाले का' आणि दुसऱ्या वेळी 'उपयोग झाला का'. जे निघेल ते ठरावात शब्दशः लिहावे. चांगले झाले असेल तर अभियंत्याचे आणि ठेकेदाराचे नाव घेऊन तसे लिहावे. मूल्यमापन म्हणजे केवळ दोष काढणे नव्हे. चांगले काम करणाऱ्याला आज कोणी शाबासकी देत नाही, म्हणून त्याचाही हात सैल पडतो.

पाचवी, पंचायत समितीने प्रत्येक तालुक्याची अशी यादी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करावी. कोणत्या गावचे काम किती मुदत ओलांडून गेले, कशामुळे अडले, कोणाच्या टेबलावर अडले. जळगावचे १५ तालुके आणि धुळ्याचे चार, दोन्ही जिल्हा परिषदांना हे अशक्य नाही. माहिती त्यांच्याकडे आहेच, फक्त ती बाहेर लावायची आहे.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही. लागतो तो एक फलक, एक सतरंजी आणि दोन तासांचा वेळ.

सुरुवातीला वाद होतील, आवाज चढतील. कोणी जुने भांडण उकरून काढील. सभा मोडायला आलेले लोकही असतात. म्हणून पहिल्या सभेत सगळ्या जन्माचा हिशोब मागू नका. एकच काम घ्या, ज्याचा कागद समोर आहे असे. बोट माणसाकडे नको, मापाकडे दाखवा. पाइप किती लिहिला, किती पडला, एवढेच विचारा. पुढच्या सभेला दुसरे काम घ्या. दोन वर्षांत गावाला सवय लागेल आणि ठेकेदारालाही कळेल, की या गावात पाइप मोजून घेतात.

आपण धान्य विकायला मोंढ्यात जातो तेव्हा काटा आपल्या डोळ्यांसमोर हवा, असा हट्ट धरतो. आडत्याने आतल्या खोलीत मोजून चिठ्ठी दिली तर आपण घेत नाही. गावाच्या पैशाचा काटा मात्र इतकी वर्षे आतल्या खोलीतच राहिला आहे. तो ओट्यावर आणून ठेवा. येत्या ग्रामसभेला या, घरच्या बायकांनाही आणा, आणि त्या कोरड्या टाकीचा कागद वाचायला सांगा.